मागच्या खोलीतली जोडणी

या, असे जवळ सरकून बसा. खांबाआड बसू नका. दाराशी ज्या उभ्या आहेत त्यांनाही आत बोलवा, जागा पुष्कळ आहे. आज एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात राक्षस नाही, राजा नाही, शापही नाही. एक लॅपटॉप आहे, जो घरच्या वायफायला जोडला जाईना. आणि एक सज्जन माणूस आहे. सज्जन हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण दुर्जनाची लाज दुर्जनापाशी. सज्जनाची लाज आपल्या सगळ्यांच्या अंगावर येते. चित्त द्या.

काळ आपल्यापेक्षा थोडा पुढचा. गाव अंबाजोगाई. तिथल्या एका कॉलनीत अण्णा चौसाळकर राहत. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, निवृत्त झाले, आणि मग उरलेला सगळा वेळ कीर्तनाला दिला. कुठे कीर्तन आहे म्हटलं की अण्णा पहिल्या रांगेत. आख्यानात देव एखाद्या हिणवलेल्या भक्ताच्या ओट्यावर जाऊन बसला की यांच्या डोळ्यांना धार लागे, आणि उपरण्याचं टोक पुरत नसे. नवरात्रात त्यांच्या स्वतःच्या हॉलमध्ये कीर्तन असे. बुवांना हार घालायचा मान अण्णांचा.

पत्नी कुमुदिनी जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा हृषीकेश दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी हैदराबादला गेला. सून शर्वरी मागे राहिली, कारण तिचं संशोधन ज्वारीवर होतं आणि तिचे ज्वारीचे वाफे इथल्याच शेतावर होते. कमी पाण्यात दाणा भरणारं वाण तिने हुडकलं होतं. प्रबंध लिहून झाला होता. राहिली होती फक्त तोंडी परीक्षा. ती पार पडली की डॉक्टरेट. नाही पडली तर नोंदणीची मुदत याच महिन्यात संपत होती, वाढवून घेता येत होती तितकी वाढवून झाली होती, आणि मग सगळं पहिल्यापासून.

परीक्षा घरूनच द्यायची होती, सकाळी अकराला, आणि त्या दिवशी घरात घट बसलेले होते.

आता या घरातली एक रीत सांगतो. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली होती. घरातल्या बाईला पाळी आली की तिने त्या खोलीत बसायचं. स्वयंपाकघरात यायचं नाही, हॉलमध्ये देव आहेत म्हणून तिथेही यायचं नाही. कुमुदताईंनी हे जन्मभर पाळलं. त्या गेल्यावर अण्णांना वाटलं, तिनं इतक्या निष्ठेनं सांभाळलेलं आपण कसं मोडायचं? पण अण्णा कठोर नव्हते हो. खोलीत त्यांनी नवी गादी घातली, कूलर बसवला. स्वयंपाक स्वतः करत, शर्वरीचं ताट वाढताना वरणावर तूप जास्त घालत, उंबऱ्यावर ठेवत आणि म्हणत, "बाळ, ताट ठेवलंय हं." मग दोन पावलं मागे सरत. आपल्यासारखा सासरा मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना मनापासून वाटे.

त्या वर्षी शर्वरीचं चक्र बिघडलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ताण आहे, गोळ्या घ्या, होईल हळूहळू. पण तोवर अंगावरून जायचं ते आठवडेच्या आठवडे थांबेना. घरापेक्षा त्या खोलीतच तिचे दिवस जास्त गेले. हृषीकेश होता तेव्हा तो काही ना काही निमित्त काढून आत जाऊन तिच्याजवळ बसे, आणि अण्णा पाहून न पाहिल्यासारखं करत. तो गेल्यापासून आत कुणी गेलं नव्हतं.

तर परीक्षेची सकाळ. पूजा आटोपून अण्णा सोवळ्याच्या रेशमी मुकट्यात उभे, आणि मागच्या खोलीतून आवाज आला, "अण्णा, लॅपटॉपला वायफाय लागत नाहीये."

अण्णांना हुरूपच आला. असल्या कामात त्यांचा हात धरणारा कॉलनीत कुणी नव्हता. ते उंबऱ्याबाहेर, हात पाठीशी बांधून उभे राहिले. बंद करून चालू केलास का, विचारलं. केला होता. नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोड, म्हणाले. तिने तेही केलं. सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसत होत्या, आणि तरी पडद्यावर तेच: जोडणी नाकारली.

"दाखव बघू," अण्णा म्हणाले. शर्वरीने लॅपटॉप उचलून त्यांच्याकडे वळवला. सोवळ्यात असताना तिला शिवायचं नाही, तिच्या हातातल्या वस्तूलाही नाही. त्यामुळे अण्णा कमरेत वाकून, चष्मा सावरत, लांबूनच वाचू लागले. "जरा वर धर. अगं, इतका पुढं नको." तिने हात मागे घेतले. "आता दिसेना." ती पुन्हा पुढे आली. असा तो लॅपटॉप आरतीच्या तबकासारखा मागे-पुढे होत राहिला. शेवटी अण्णा हॉलमध्ये गेले, राउटर बंद करून चालू केला, हिरवा दिवा लागला. त्यांचा फोन जोडला गेला, टीव्ही जोडला गेला. लॅपटॉप नाही.

"मोबाइलवरून लाव ना तात्पुरतं."

"विद्यापीठ घेत नाही, अण्णा. घरच्या राउटरचा दाखला लागतो."

हा दाखला काय, ते सांगायला हवं. नव्या जातीची गणकयंत्रं आली आणि जगातले झाडून सारे पासवर्ड फुटले. कुलूप राहिलं, किल्लीला अर्थ राहिला नाही. तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की किल्ली तर घरातच फिरते आहे. वायफायच्या लाटा घरभर पसरलेल्या असतात. माणसाचं शरीर म्हणजे खारट पाण्याची पखाल. लाट तिच्यावर आपटते, वळते, थोडी शोषली जाते. तुम्ही चाललात की लाटांची घडी बदलते, नुसता श्वास घेतलात आणि छाती तसूभर हलली तरी बदलते. ही बदललेली घडी राउटर मोजतो. प्रत्येकाची चाल निराळी, श्वासाची लय निराळी, म्हणून प्रत्येकाचा ठसा निराळा. राउटरला डोळे नाहीत, कान नाहीत. कोण कसं दिसतं, काय बोलतं, हे त्याला ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतो फक्त वावर.

पण नुसता ठसा पुरत नाही. चोरही घरात चालतो. मग घरचा कोण? तर ज्याचा वावर दुसऱ्यांच्या वावरात मिसळतो तो. जो स्वयंपाकघरात शिरतो, पानाला पान लावून बसतो, ज्याच्या जवळून जाताना दुसरा अंग चोरत नाही. लाखो घरांचा वावर पाहून राउटर हे शिकला होता. जो मिसळत नाही त्याचं नाव हळूहळू पुसट होतं, आणि एक दिवस राउटर त्याला परका ठरवतो. विद्यापीठांनी हाच दाखला धरला, कारण लॅपटॉपपुढे बसलेला खरोखर तोच उमेदवार आहे आणि धडधाकट आहे, हे त्यातून कळे.

अण्णांना हे सगळं माहीत होतं. कॉलनीतल्या लोकांना त्यांनीच फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांनी हॉलमध्ये जाऊन कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

पलीकडे एक मुलगी होती, बोंद्रे आडनावाची, बोलण्यावरून वऱ्हाडातली. तिने राउटरची तपासणी केली आणि म्हणाली की यंत्रात बिघाड नाही. घरची म्हणून तीन नावं दिसताहेत. एक तुम्ही. एक हृषीकेश, ते बरेच दिवस आले नाहीत पण अजून आहेत. आणि तिसरं बहुतेक मांजर आहे.

"मांजर?"

"हो नं काका. तुमच्या मांडीवर येऊन बसते नं ती."

अण्णा हसले. मग त्यांना हसू आवरावं लागलं, कारण ती पुढे विचारत होती, "मागच्या खोलीत कोण राहते? भाडेकरू ठेवला काय?"

"नाही. सून आहे माझी."

ती जपून बोलू लागली. "काका, राउटरले असं दिसून राहिलं की एक माणूस त्या खोलीच्या दारापर्यंत येते, काहीतरी खाली ठेवते आणि मागं सरकते. आत कोणी जात नाही. आतलं माणूस फक्त मागच्या अंगणात जाते आणि परत येते. असा वावर आम्हाले दोनच ठिकाणी दिसते. एक म्हणजे संसर्गाचा पेशंट असला तर."

"आणि दुसरं?"

"कोंडून ठेवलेलं माणूस. तसं असलं तर आम्हाले वर कळवावं लागते."

अण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर घट होता, नंदादीप होता. संध्याकाळी कीर्तनाला कॉलनी गोळा होणार होती. खरं सांगायला एक शब्द पुरला असता, पण तो शब्द या घरातल्या पुरुषाने कधी तोंडातून काढला नव्हता. त्याला कावळा शिवला म्हणत, बाहेरची म्हणत, अडचण म्हणत. त्या पोरीपुढे यातलं काय बोलायचं?

"पेशंट आहे," अण्णा म्हणाले. "संसर्गाचा."

"मग सांगायचं नं आधी. सोपं आहे. नाहीतर तुम्ही कोणी घटकाभर तिच्याजवळ बसले असते तरी राउटरनं ओळखलं असतं, पण पेशंट आहे तर नका जाऊ. मी तशी नोंद करून देते. काळजी घ्या तिची."

आणि जोडणी लागली. मागच्या खोलीतून शर्वरीचा उजळलेला आवाज आला, लागलं अण्णा, देवासारखे धावलात. अण्णांनी घटापुढे हात जोडले. देवासारखे, हा शब्द त्यांना जरा टोचला. पण काम झालं होतं.

अकरा वाजले. अण्णा स्वयंपाकघरात बसून कान देत होते. नमस्कार झाले, तीन परीक्षकांची नावं ऐकू आली. मग समितीचे अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले की शर्वरी, तुम्ही आधी बऱ्या व्हा. दाखल्यावर संसर्गजन्य आजार असं आलंय, अशा उमेदवाराची परीक्षा नियमात बसत नाही. ती म्हणाली, सर, मला काहीही झालेलं नाही. ते म्हणाले, तुमच्या घरूनच तशी नोंद आहे. आम्ही दुसऱ्या उमेदवारासाठी एक वाजेपर्यंत बसलो आहोत, पण नोंद बदलल्याशिवाय आमचे हात बांधलेले आहेत. आणि आवाज बंद झाले.

शर्वरी उंबऱ्याशी आली. अलीकडे पाऊल टाकलं नाही. सवय झाली होती. ती रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. खरंच न कळल्यासारखी तिने विचारलं, "अण्णा, मी आजारी आहे असं कुणी सांगितलं?"

"मीच," अण्णा म्हणाले.

"खरं का नाही सांगितलं?"

"अगं, परक्या पोरीला ते कसं सांगायचं?"

"तिलाही येत असेल ना पाळी, अण्णा."

एवढंच ती बोलली, आणि आत जाऊन गादीवर बसली. लॅपटॉप तिने मिटला नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

मंडळी, अण्णांनी आयुष्यात शेकडो कीर्तनं ऐकली होती. कुठल्या आख्यानात देव कुठल्या दारी गेला, सगळं पाठ. पण त्या क्षणी त्यांना एकही ओवी आठवली नाही. आठवलं ते बोंद्रेचं वाक्य. काहीतरी खाली ठेवते आणि मागं सरकते. आपलं ते तूप, आपलं ते 'बाळ', आपली नवी गादी, या सगळ्यातून एका आंधळ्या यंत्राला फक्त एवढंच दिसलं होतं. आणि यंत्र खोटं बोलत नव्हतं.

ते उंबऱ्यापाशी गेले. पाय उचलायला फार जड गेलं, हे मी लपवत नाही. मुकट्याचा काठ उंबऱ्याला घासला. ते आत गेले आणि शर्वरीच्या शेजारी, तिच्याच गादीवर, खांद्याला खांदा लागेल असे बसले. ती दचकून दूर सरकली. आपलं सोवळं मोडू नये म्हणून ती सरकली, हे अण्णांना कळलं आणि त्यांना कुठे तोंड लपवावं कळेना.

"सरकू नकोस," ते म्हणाले. "फोन लाव त्या मुलीला."

फोन शर्वरीच्या हातातच राहिला, आवाज मोठा करून. बोंद्रेच आली. अण्णांनी सांगितलं की मघाशी मी खोटं बोललो, आमच्या घरात कुणी आजारी नाही. सुनेची पाळी आहे. आम्ही बाजूला बसवतो. नोंद काढून टाका. कुणी नवी भाषा बोलावी तसा त्यांनी तो शब्द उच्चारला.

मग ती म्हणाली, "काढते. पण काका, आता मला ताईंशी बोलावं लागन." आणि तिने विचारलं, "ताई, त्या खोलीत तुम्ही तुमच्या मर्जीनं आहात काय?"

शर्वरी म्हणाली, "दाराला बाहेरून कडी नाही."

"ते नाही विचारलं मी ताई."

शर्वरीने अण्णांकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लग्न ठरताना नाही, घरात आल्यावर नाही, नवऱ्यानेही नाही. तो फक्त लपून येऊन बसत असे.

"नाही," ती म्हणाली.

अण्णा तिच्या शेजारीच बसले होते. तो एक शब्द त्यांच्या खांद्याच्या इतक्या जवळून गेला.

"कळवू वर?" बोंद्रेने विचारलं.

शर्वरीने उघड्या लॅपटॉपकडे पाहिलं. "आज नको. आज माझी परीक्षा आहे. पुन्हा लागलं तर मी स्वतः फोन करीन."

"करा. नक्की करा," बोंद्रे म्हणाली.

दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. काही करायचं नव्हतं, फक्त बसायचं होतं. लाटा त्या दोघांवरून वाहत होत्या, दोन छात्या हलत होत्या, आणि हॉलमधला तो आंधळा डबा ते मोजत होता. मांजर आत आली, दोघांच्या मधे जागा नाही असं पाहून शर्वरीच्या पायाशी वळकटी करून पडली. राउटरला फार वेळ लागला नाही. माणसाला जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते त्याने घटकाभरात मान्य केलं. पडद्यावर शर्वरीचं नाव घरच्यांत आलं.

समिती पुन्हा जोडली गेली. अध्यक्ष काही विचारणार, तोच अण्णा पडद्यापुढे झाले. "मी हिचा सासरा. आजाराची खोटी नोंद मी केली. पाळी आहे म्हणून हिला मी वेगळं बसवलं होतं, आणि ते सांगायची मला लाज वाटली." अध्यक्ष खाली कागदांत पाहू लागले. दुसऱ्या परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. तिसऱ्या परीक्षक बाई होत्या, वयस्कर, धारवाडच्या. त्यांनी अण्णांकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही आता उठलात तर जोडणी राहील?"

"राहील."

"मग उठा. तिला परीक्षा देऊ द्या."

शाबासकी नाही, समजूत नाही. अण्णा उठले.

बाहेर येताच त्यांचे पाय सवयीने न्हाणीघराकडे गेले. बादलीत नळ सोडला. शिवाशीव झाली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे हातांना पाठ होतं. बादली निम्मी भरली तेव्हा आतून शर्वरीचा आवाज येत होता, ज्वारीच्या मुळ्यांबद्दल, कणखर आणि न अडखळणारा. हा आवाज तिला आहे हे अण्णांना माहीत नव्हतं. त्यांनी नळ बंद केला, आणि अंघोळ न करताच घटापुढे जाऊन बसले. दिवा तेवतच होता. देवी रागावली का, मला ठाऊक नाही. मला विचाराल तर तिला रागवायचं असतं तर ती आधीच रागावली असती.

शर्वरी उत्तीर्ण झाली. अण्णांनी तिला हॉलमध्ये बोलावलं, संध्याकाळी पुढे बसायला सांगितलं. अगदी पहिल्या रांगेत, म्हणाले. ती म्हणाली, "नको अण्णा. मला झोपायचंय." आणि ती वरच्या मजल्यावरच्या स्वतःच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. जाताना नमस्कार केला नाही. तिने तो करावा असं अण्णांनाही वाटलं नाही, हीच काय ती त्या दिवसाची कमाई.

दिवेलागणीला कॉलनी जमली. बुवांना हार शेजारच्या देशपांड्यांनी घातला. अण्णा कुठे आहेत म्हणून लोक इकडेतिकडे पाहत होते. अण्णा मागच्या खोलीत होते. त्यांना वाटलं होतं, कुमुदही इथूनच ऐकत असे, तसं आज आपण ऐकावं. ज्या ज्या वर्षी कीर्तनाच्या दिवशी तिची पाळी असे, त्या त्या वर्षी कीर्तन संपल्यावर ते या दारापाशी येऊन विचारत, ऐकलंस ना गं? आणि ती आतून म्हणे, हो तर, ऐकलं सगळं, फार छान झालं आख्यान. एकदा तर ती म्हणाली होती, तुम्ही रडलात ना, मला कळलं.

अण्णांनी दार लोटून घेतलं आणि गादीवर बसले. पूर्वरंग सुरू झाला. टाळ ऐकू आले. तबल्याची थाप भिंतीतून येत होती, भिंतीला हात लावला तर हातालाही जाणवत होती. मधूनच सगळे एकदम हसले, कशाला ते कळलं नाही. अण्णा उठून दाराला कान लावून उभे राहिले. बुवा काहीतरी गात होते. सूर येत होता, शब्द येत नव्हता. पुढच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, त्याच्यापलीकडे पुन्हा भिंत. एक शब्दसुद्धा येत नव्हता.

म्हणजे इथे बसून तिने कधीच काही ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकही आख्यान नाही. फक्त ठेका ऐकला, आणि दारापाशी आलेल्या नवऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, छान झालं.

अण्णा खाली बसले. बाहेर देव कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसला असावा, कारण लोक शांत झाले होते.

गोष्ट इथे संपते. आता नामघोष होईल, आरती होईल, आपण प्रसाद घेऊन घरोघर जाऊ. माझं एवढंच मागणं आहे. टाळी वाजवाल तेव्हा कुमुदिनी चौसाळकरांची आठवण ठेवा. त्यांनी फक्त ठेका ऐकला होता.